अक्षरांचा शेजार आणि शब्दांचे गोत्र

इंग्रजीतील सर्वांत लांब शब्द कोणता, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत हटकून विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत ४५ अक्षरांचा हा शब्द एखादा मुलगा एका दमात म्हणून दाखवतो, टाळ्या पडतात, आणि त्याचा अर्थ विचारण्याचे कोणालाही सुचत नाही. हा शब्द १९३५ मध्ये न्यू यॉर्क येथे भरलेल्या कोडेप्रेमींच्या बैठकीत अवतरला. नॅशनल पझलर्स लीग या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो विक्रमासाठीच मुद्दाम रचला होता. पुढे मोठमोठ्या कोशांनी त्याला जागा दिली. खेळ म्हणून जन्मला असला तरी हा शब्द निरर्थक मात्र नाही.

लांब इंग्रजी शब्दांत जे अक्षरसाम्य आढळते ते दोन प्रकारचे असते. एक केवळ शेजाराचे, दुसरे गोत्राचे. शेजार योगायोगाने लाभतो. गोत्र जन्माने येते. या दोहोंतला भेद ध्यानात आला नाही तर विद्यार्थी स्पेलिंगे घोकत बसतो, आणि विद्वानही कधी कधी फसतात.

शेजाराचे साम्य मोठे मनोरंजक असते. टंकलेखनाच्या वर्गात ज्यांनी बोटे झिजवली, त्यांना यंत्रावरील कळांची वरची ओळ आठवत असेल. त्या एका ओळीतल्या कळांवर 'टाइपरायटर' हा दहा अक्षरी शब्द पुरा होतो. 'प्रोप्रायटर' म्हणजे मालक, 'पर्पेच्युइटी' म्हणजे निरंतरता आणि 'रेपर्ट्वार' म्हणजे नाटकमंडळीने सादरीकरणासाठी तयार ठेवलेला नाटकांचा संच, हेही दहा-दहा अक्षरांचे शब्द त्याच ओळीत बसतात. मालकाचा आणि नाटकमंडळीचा येथे संबंध काय? काहीही नाही. 'अनकॉपीराइटेबल', म्हणजे ज्याचा स्वामित्वहक्क घेता येत नाही असे, आणि 'डर्मेटोग्लिफिक्स', म्हणजे बोटांच्या व तळव्यांच्या कातडीवरील रेषांचा अभ्यास, हे दोन्ही १५ अक्षरी शब्द एकही अक्षर पुन्हा न वापरता सिद्ध होतात. 'सबकॉन्टिनेंटल' या शब्दात पाचही स्वर नेमके उलट्या क्रमाने येतात. 'रामाला भाला मारा' हे उलटसुलट वाचताना मराठी मुलाला जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद आहे. फरक इतकाच की, आपला खेळ अख्ख्या अक्षरांवर चालतो आणि त्यांचा सुट्या वर्णांवर.

मात्र शेजाराला गोत्र मानले की घोटाळा होतो. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात 'ऑनॉरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' असा २७ अक्षरी लॅटिन शब्द एका विदूषकाच्या तोंडी आहे. सन्मानास पात्र असण्याची अवस्था, असा त्याचा आशय. सर एडविन ड्यूर्निंग-लॉरेन्स या गृहस्थांनी १९१० मध्ये ही २७ अक्षरे उलटीपालटी करून त्यांतून एक लॅटिन वाक्य काढले. फ्रान्सिस बेकनपासून जन्मलेली ही नाटके जगासाठी राखून ठेवली आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणजे नाटके बेकनचीच, हे सिद्ध झाले! गंमत अशी की, हा शब्द शेक्सपिअरने घडवलेला नाही. तो मध्ययुगीन लॅटिनमधला असून दान्तेच्या लेखनातही आढळतो, आणि दान्ते १३२१ मध्ये वारला. बेकनचा जन्म १५६१ चा. सांकेतिक लिपीचे अमेरिकन तज्ज्ञ विल्यम व एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात असले दावे एकेक करून तपासले आणि निकालात काढले. २७ अक्षरे हाती असली की चिकाटीचा मनुष्य त्यांतून हवे ते वदवून घेतो.

गोत्राचे साम्य निराळे. हेलिकॉप्टर आणि टेरोडॅक्टिल, हे एक यंत्र आणि तो एक कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला उडता सरडा. परंतु दोघांच्याही इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी, टी, ई, आर ही चार अक्षरे एकापुढे एक उभी आहेत. ग्रीक भाषेत 'प्टेरॉन' म्हणजे पंख. मळसूत्रासारखे फिरणारे पंख ज्याला ते हेलिकॉप्टर. ज्याच्या पंखाला बोटाचा आधार तो टेरोडॅक्टिल. इंग्रजांनी स्वतःच पुढे हेलिकॉप्टरचे 'हेली' आणि 'कॉप्टर' असे भलत्याच ठिकाणी दोन तुकडे केले, हा भाग वेगळा.

मराठी वाचकाची अडचण येथे सुरू होते. देवनागरी लिपी उच्चाराशी इमान राखते. जे अक्षर ऐकू येत नाही ते ती लिहीत नाही. हा तिचा मोठा गुण. पण त्यामुळे टेरोडॅक्टिलमधला पहिला 'प' गळतो आणि हेलिकॉप्टरशी असलेले त्याचे नाते दिसेनासे होते. मुक्या अक्षराला इंग्रजी शाळेत शिव्या बसतात, परंतु कुळाची खूण तेच राखून असते. नाते एकदा दिसले की लांबीची भीती उरत नाही. 'ऱ्हायनो' म्हणजे नाक. गेंड्याच्या इंग्रजी नावात ते आहे, कारण त्याच्या नाकावर शिंग आहे, आणि कान-नाक-घसा विभागाच्या 'ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी' या १९ अक्षरी नावातही तेच मधोमध बसले आहे. 'हिप्पोपोटॅमस'मध्ये 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'पोटॅमस' म्हणजे नदी. मराठीने त्याला पाणघोडा म्हटले, ते किती नेमके! पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी ज्या मेसोपोटेमियात लढल्या, त्या मुलखाच्या नावातही हीच नदी आहे : दोन नद्यांमधला प्रदेश.

आता त्या ४५ अक्षरांकडे पुन्हा वळावे. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस. न्यूमोनियात तेच आहे. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही सहजी न दिसणारे. 'सिलिको' लॅटिन 'सिलेक्स'वरून आले. त्याचा अर्थ गारगोटी. 'व्होल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी, आणि 'कोनिओसिस'मधील 'कोनिस' म्हणजे धूळ. धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगांना झेंकर या जर्मन वैद्याने १८६७ मध्येच या घटकांवरून नाव दिले होते. स्मिथ यांनी लांबी वाढवण्यासाठी घातलेली भर काढून टाकली की खाली वैद्यकातला रोज लागणारा छोटा शब्द उरतो : सिलिकोसिस.

हा रोग ज्वालामुखीपाशी शोधावा लागत नाही. १८१८ च्या होळकरांच्या तहामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेले, पुढे ग्वाल्हेर संस्थानात मोडणारे मंदसोर हे पाटीवरच्या पेन्सिलींचे मोठे केंद्र. तेथील दगड यंत्राच्या करवतीने कापून पेन्सिली घडवतात. कापताना उडणारी गारेची धूळ कामगाराच्या श्वासाबरोबर आत जाते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात, तेथे व्रण धरतात, आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. मुलांनी ज्या लेखणीने पहिले अक्षर गिरवले ती घडवणारी कितीतरी माणसे ऐन उमेदीत दम लागून गेली. मध्य प्रदेश सरकारने १९८२ मध्ये या कामगारांसाठी कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा केला.

सिलिकोसिसची छाया क्ष-किरणचित्रात क्षयासारखी दिसू शकते. शिवाय अशा फुप्फुसाला क्षयही लवकर जडतो. त्यामुळे धुळीत काम करणाऱ्याच्या केसपेपरवर पुष्कळदा केवळ 'क्षय' एवढेच लिहिले जाते. १९४८ च्या कारखाने कायद्याने, सरकारला कळवणे डॉक्टरवर बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत सिलिकोसिसचा समावेश केला. क्षय हा कोणालाही होणारा रोग; सिलिकोसिस मात्र कामातून होतो आणि त्याची भरपाई मागता येते. म्हणून 'तुम्ही काम कशाचे करता?' हे विचारून डॉक्टरने कागदावर या दोहोंपैकी कोणता शब्द लिहिला, यावर त्या कामगाराच्या घरी काही रक्कम पोहोचते की नाही, हे ठरते.