अपग्रेडनंतर प्रॉक्सी बंद पडतो तेव्हा

कार्यालयातले किंवा कॉलेजच्या लॅबमधले सगळे संगणक ज्या एका वाटेने इंटरनेटवर जातात, त्या वाटेवर प्रॉक्सी सर्व्हर बसवलेला असतो. लिनक्सवर या कामासाठी ‘स्क्विड’ हा प्रोग्रॅम बराच वापरला जातो. ‘हार्वेस्ट’ या अमेरिकी संशोधन प्रकल्पातून 1996 मध्ये तो पुढे आला. सहसा तो 3128 क्रमांकाच्या पोर्टवर काम करतो.

सर्व्हरची सिस्टीम अपग्रेड झाली आणि कुणाचेच इंटरनेट चालेना, की पहिला प्रश्न असा: स्क्विड सुरूच झालेला नाही, की सुरू असून नकार देतो आहे? प्रॉक्सी जोडणी नाकारतो आहे, असे ब्राउझरच सांगू लागला, तर बहुधा पोर्टवर कुणी नाही. स्क्विडचे स्वतःचे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ पान उमटले, तर तो व्यवस्थित चालू आहे.

नकाराचे मूळ बहुतेकदा अपग्रेडच्याच वेळी रुजते. जुनी कॉन्फिग फाइल ठेवायची की पॅकेजमधली नवी घ्यायची, असे डेबियन आणि उबुंटू विचारतात. घाईत नवी घेतली जाते. तिच्यात कार्यालयाच्या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ चालू नसते आणि शेवटी सगळ्यांना मनाई असते. स्क्विड नियम वरून खाली वाचतो व जुळलेला पहिला नियम लावतो, म्हणून आपली परवानगी त्या मनाईच्या वर लिहावी लागते. जुनी फाइल त्याच फोल्डरात ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे शेपूट लावून ठेवलेली सापडते. तिच्यातल्या आपल्या ओळी तेवढ्या उचलाव्यात. अख्खी फाइल परत आणणे धोक्याचे.

धोका हा की, नव्या आवृत्तीला जुनी भाषा कळत नाही. पासवर्ड तपासणाऱ्या ‘एनसीएसए-ऑथ’ या मदतनीस प्रोग्रॅमचे नाव 3.2 आवृत्तीत बदलून ‘बेसिक-एनसीएसए-ऑथ’ झाले. कॉन्फिगमध्ये जुने नाव राहिले, तर स्क्विड सुरू होतच नाही. उबुंटू 14.04 वरून 16.04 वर जाताना तर कॉन्फिगचा ‘स्क्विड3’ हा फोल्डरच ‘स्क्विड’ झाला. मग माणूस जुन्या फोल्डरातली फाइल दुरुस्त करत बसतो आणि सर्व्हर वाचतो दुसरीच!

अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. स्क्विडला ‘के’ हा पर्याय आणि ‘पार्स’ हा शब्द देऊन चालवले, की तो कॉन्फिग तपासून चुकीची ओळ दाखवतो. सुरू होता होता बंद पडत असेल, तर ‘कॅश’ लॉगमधली ‘फेटल’ असे लिहिलेली ओळ कारण सांगते; कॅशच्या फोल्डराची मालकी बदललेली असणे, हे त्यातले नेहमीचे. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेने नोंद नसलेला पोर्ट अडवलेला असू शकतो.

‘अ‍ॅक्सेस’ लॉगमध्ये 403 दिसला तर नियम आड येतो आहे, 407 दिसला तर पासवर्ड मागितला जातो आहे. काहीच उमटत नसेल, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही; फायरवॉल आणि वापरणाऱ्याच्या संगणकावरची सेटिंग बघावी.

पॅकेज काढून पुन्हा बसवण्याचा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. तो सर्वांत शेवटचा असावा, कारण ‘पर्ज’ करून काढलेल्या पॅकेजबरोबर ती ‘ओल्ड’ फाइलही पुसली जाते.