गुल्लकमध्ये पैसे टाकायला किल्ली लागत नाही

(आमगाव, जि. गोंदिया येथे बचत गटांतील महिलांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

घरची, शेतावरची कामं बाजूला ठेवून आलात, म्हणून आधी एक खरी गोष्ट सांगते. बाईचं नाव सांगणार नाही.

तिला जुनी शिलाई मशीन विकायची होती. लेकीनं मोबाईलवर जाहिरात टाकली. एकाचा फोन आला. ‘ताई, ताई’ करत गोड बोलला, भावही पाडला नाही. खात्री पटावी म्हणून एक रुपया पाठवला, तो जमा झाला. मग लेकीच्या फोनवर क्यूआर कोडचं चित्र आलं. ‘ताई, हे तुमच्या फोनवरून स्कॅन करा, पिन टाका, चार हजार जमा होतील.’ तिनं पिन टाकला आणि चार हजार गेले. ‘चूक झाली, परत पाठवतो,’ म्हणून दुसरं चित्र आलं. आणखी चार हजार गेले. त्यात मजुरीचे पैसे होते, लाडक्या बहिणीचे हप्ते होते.

ती पाच दिवस कुणाशी बोलली नाही. ‘नवरा म्हणेल, अडाणी बाईच्या हातात फोन कशाला?’ आठ हजार चोरानं नेले, पण ते पाच दिवस या भीतीनं नेले.

क्यूआर कोड ही काही जादू नाही. १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो निघाला. पैशाच्या कोडमध्ये पैसे कुठे जायचे, तो पत्ता असतो. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि तो भाजीच्या गाड्यावर पोचला. तो स्कॅन करून पिन टाकला, म्हणजे ‘मी पैसे देते’ असं आपण सांगितलं. घरची गुल्लक आठवा. पैसे टाकायला किल्ली लागत नाही, काढायला लागते. पिन ही ती किल्ली. शिल्लक पाहायला आणि पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच नाही. ‘पैसे मिळतील, पिन टाका,’ असं म्हणणारा चोरच समजा. बक्षीस म्हणो, योजनेचा हप्ता म्हणो, की धानाचा चुकारा.

आता दुकान, गाडा चालवणाऱ्या बायांसाठी. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्यप्रदेशात, खजुराहोला, चोरट्यांनी रात्रीतून दुकानांबाहेरच्या कोडवर आपले कोड चिकटवले. माल दुकानदाराचा गेला, पैसे चोराला मिळाले. म्हणून रोज सकाळी आपला कोड दुसऱ्या फोनवरून स्कॅन करून पाहा, आपलंच नाव येतं का. शक्य असेल तर रात्री तो घरी न्या. गिऱ्हाईक फोनवरचं हिरवं चित्र दाखवेल, त्यावर भागू नका. पैसे आपल्या खात्यात आले का ते पाहा. आणि आपण पैसे देताना पिनच्या आधी समोरचं नाव मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यात लाज कसली?

तरीही फसलात तर? त्याच घटकेला १९३० या नंबरावर फोन करा. तो सरकारी मदतीचा नंबर आहे. बँकेला कळवा, व्यवहाराचा नंबर जपून ठेवा, पोलीस ठाण्यात जा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. ते काढून घेण्याआधी खबर पोचली तर वाटेतच अडवता येतात. उशीर झाला की मागं धावावं लागतं.

म्हणूनच मी म्हणते, ही लढाई नुसत्या चोराशी नाही. फसलेल्या माणसाला घरात कुणी ‘फोन ठेव’ म्हणत नाही. बाई फसली की तिचा फोन काढून घेतात, खातं मुलाच्या हातात जातं. खातं आपल्या नावाचं आणि पिन दुसऱ्याला पाठ, हे किती जणींचं आहे? हात वर करा... बघा. आजच घरी जाऊन पिन बदला.

आणि गटात एक नियम करा. फसलेल्या बाईला ‘तू कशी फसलीस?’ असं कुणी विचारायचं नाही. ‘१९३० ला फोन केलास का?’ एवढंच विचारायचं.

त्या बाईनं उशिरा का होईना, तक्रार केली. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण तिनं ही गोष्ट आपल्या गटात उभं राहून सांगितली. दोनच दिवसांनी गटातल्या दुसरीला तसाच फोन आला. ‘पिन टाका’ म्हणताच तिनं फोन ठेवून दिला.