संमती कोणाची?

षट्कर्णी झालेली गोष्ट गुप्त राहत नाही, असे जुनी माणसे सांगत. तथापि, त्या काळी ऐकणारा तिसरा कोण, हे निदान ठाऊक असे. समाजमाध्यमांच्या आजच्या जगात तो तिसरा दिसत नाही. आणि गुपित कोणी फोडले, हेही पुष्कळदा कळत नाही.

फेसबुकवर घडलेले एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. 2013-14 च्या सुमारास तेथे स्वभावाची परीक्षा करणारी एक प्रश्नावली आली. जगभरातील सुमारे 3 लाख लोकांनी ती भरली. परंतु तत्कालीन व्यवस्थेप्रमाणे उत्तरे देणाऱ्याबरोबरच त्याच्या मित्रांचीही माहिती प्रश्नावली काढणाऱ्याच्या हाती पडे. ही माहिती पुढे केंब्रिज ॲनॅलिटिका या निवडणूक-प्रचारात सल्ला देणाऱ्या ब्रिटिश कंपनीकडे गेली. 2018 साली हे प्रकरण जगापुढे आले, तेव्हा 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांना त्याची झळ पोहोचली असावी, असे फेसबुकनेच सांगितले.

त्यातील भारताचा आकडा अधिक बोलका आहे. येथे प्रश्नावली स्वीकारणारे होते अवघे 335. आणि त्यांच्यामुळे ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव होता असे इतर लोक होते 5,62,120! या साडेपाच लाखांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांच्या वतीने त्यांच्या स्नेह्यांनी, नकळत का होईना, होकार देऊन टाकला होता.

खासगी जीवन जपण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. पुढे 2023 साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, असे तो सांगतो. मात्र एखाद्या व्यक्तीने घरगुती वा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या व्यवहाराला तो लागू होत नाही. आणि ते योग्यच आहे. घरोघरीच्या फोटोंच्या आल्बमवर सरकारने पहारा ठेवणे कोणालाच रुचणार नाही.

पण म्हणूनच जबाबदारी माणसावर येते. नापास झालेल्या पुतण्याची गुणपत्रिका, रुग्णशय्येवरील आजोबांचे छायाचित्र, शेजारणीचा दूरध्वनी क्रमांक या गोष्टी प्रेमाने किंवा काळजीपोटीही जगजाहीर होतात. कंपनीला अडवायला कायदा आहे. काकांना अडवायला केवळ सौजन्य आहे. पूर्वी दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडणे असभ्य मानले जाई, आणि त्यासाठी शिपाई नेमावा लागत नसे. दुसऱ्याविषयीचा मजकूर पाठविण्यापूर्वी “चालेल ना?” एवढे त्याला विचारण्याची रीत तशीच घरातून रुजली पाहिजे. मुलांनाही हा प्रश्न विचारावा. कारण आज त्यांना विचारले गेले, तरच उद्या ती दुसऱ्याला विचारतील.