अभियंता कसा घडतो, याचे संशोधन कोण करणार?



शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या ओतकामाच्या कारखान्यात साचा फोडल्यावर लोखंडाला भोके पडलेली निघाली, की जुना कामगार आधी वाळू मुठीत दाबून पाहतो. वाळूत ओल अधिक राहिली, तिची वाफ झाली, वाफेला वाट मिळाली नाही म्हणून ती धातूत अडकली, हे त्याला हाताने कळते. त्याच गावचा एखादा विद्यार्थी या दोषाची व्याख्या परीक्षेत बिनचूक इंग्रजीत लिहितो आणि गुणही मिळवतो. तेच कास्टिंग पुढ्यात ठेवले तर मात्र तो गोंधळतो. त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः व्याख्या पाठ होते आणि वस्तू ओळखता येत नाही, असे का होते, हा स्वतंत्र शास्त्रीय प्रश्न आहे. अभियांत्रिकी शिक्षण हा पीएच.डी.चा विषय होऊ शकतो, तो याच अर्थाने.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने २००४ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. मुंबईच्या आय.आय.टी.त २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात संशोधन चालते. हुबळीच्या के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठात अभियांत्रिकी शिक्षणाच्या संशोधनाचे केंद्र आहे आणि वारणेपलीकडे, इस्लामपूरजवळच्या राजारामनगरहून याच विषयाचे इंग्रजी त्रैमासिक निघते. म्हणजे हा विषय साता समुद्रांपलीकडचा राहिलेला नाही. तथापि, कोल्हापुरातील अध्यापकाने तो घ्यायचा म्हटले तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे पाहिले पाहिजे.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली. त्याआधी दक्षिण महाराष्ट्रातील मुलाला सांगलीचे वालचंद महाविद्यालय किंवा कराडचे सरकारी महाविद्यालय गाठावे लागे; आता कोल्हापुरातच दारे उघडली. शेतकऱ्याच्या घरातला पहिला अभियंता या दारातून आत गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सरकारने खर्चाचा भार झटकला आणि तो पालकाच्या शुल्कावर व अध्यापकाच्या पगारावर पडला. मराठी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानाच्या बाकावर येऊन बसला. त्याला नेमके काय समजते आणि काय निसटते, हे तपासण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केली नाही.

केंद्र सरकारची गुणवत्ता सुधार योजना १९७० पासून आहे. तिच्याखाली अध्यापकाला आय.आय.टी.सारख्या संस्थेत जाऊन पीएच.डी. करता येते. अट अशी की त्याच्या संस्थेने त्याला पाठवावे आणि रजेच्या काळात पगार द्यावा. शुल्कावर चालणारी संस्था इतकी उदार क्वचितच होते! मग दिवसा तासिका, संध्याकाळी प्रवेशाची आणि मान्यतेची कागदपत्रे, आणि रात्री प्रबंध. २०१० च्या वेतननियमांनी सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आवश्यक केली आणि पदवी ही बढतीची पायरी झाली. पायरी चढणारा माणूस धोका पत्करत नाही. तो मार्गदर्शकाच्या जुन्या प्रबंधाशेजारचा, निर्विघ्न पार पडणारा विषय निवडतो. २००९ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती केली, तेव्हा पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. २०२२ मध्ये आयोगाने ती सक्ती काढली, हे उशिरा सुचलेले शहाणपण.

ज्या राजाने १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच्या नावाच्या ‘सारथी’ संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत निघाला. तेव्हा पीएच.डी. करून करणार काय, असा उलट सवाल सरकारपक्षाकडून आला. सवाल उर्मट होता; परंतु बढतीपुरत्या लिहिलेल्या प्रबंधांनी तो विचारणाऱ्याची सोय केली, हेही कबूल केले पाहिजे.

त्याला उत्तर कामातून देता येते. पिंपरी चिंचवडच्या एका महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून दिली जाऊ लागली. तेथील मुलाला संकल्पना अधिक पक्की समजते काय, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याचे काय होते? उद्यमनगरात शाळा न शिकलेले मिस्त्री ऑइल इंजिने घडवायला शिकले. तो अभ्यासक्रम कोणता होता? प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्राला हात कोण लावतो आणि वही धरून मागे कोण उभी राहते? यांतील एकेका प्रश्नावर तीन-चार वर्षांचे काम आहे.

त्यासाठी पक्षाच्या शिक्षक कार्यकर्त्यांनी मागण्या निश्चित कराव्यात. विनाअनुदान महाविद्यालयातील अध्यापकालाही पूर्ण पगारी अभ्यासरजा मिळावी आणि तिचा भार सरकारने उचलावा. असा प्रबंध मराठीत लिहिण्यास विद्यापीठाने उत्तेजन द्यावे. संशोधकाने ओतकामाच्या कारखान्यात बसून टिपणे घ्यावीत, आणि वाळू मुठीत धरून त्याला समजावताना त्या कामगाराचा जो रोज बुडेल, त्याची भरपाई संशोधनाच्या अनुदानातून व्हावी.