बांधाचे भांडण की जातीचा द्वेष?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीत डोमकळी दिसली की आपण लगेच ओळखतो, आत अळी आहे. वरून ते फूलच दिसते. काही गुन्हे असेच असतात. वरून बांधाचे, धुऱ्याचे भांडण आणि आत जातीचा द्वेष.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित शेतकरी घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावच्या जमावाने मारले. त्यामागे शेतातल्या रस्त्याचा वादही होता. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. जातीचा गुन्हा तेव्हाही सिद्ध धरला नाही.

खून तो खूनच, मग जात कशाला लिहायची, असे कोणी विचारील. एका घरावरचा असा वार साऱ्या वस्तीला धाक घालतो, म्हणून लिहायची.

तेव्हा कायदा म्हणत होता, जातीच्या कारणानेच गुन्हा केला हे सिद्ध करा. मनातले कारण कोण सिद्ध करणार? २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. खुनासारख्या मोठ्या गुन्ह्यात माणूस दलित वा आदिवासी आहे हे माहीत असणे पुरे. आरोपीची त्या घराशी ओळख असेल तर माहिती होती असेच न्यायालय धरते. गावात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते?

पण हे सारे पहिल्या कागदावर उभे आहे. फिर्याद तोंडी दिली तर पोलिसांनी ती लिहून, वाचून दाखवून सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. नोंदीआधी चौकशी हवी, ही सबब २०१८ च्या दुरुस्तीने संपली. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. सरकारचे राष्ट्रीय आकडेही ठाण्यातल्या नोंदीवरूनच बनतात. जे लिहिले नाही, ते देशाच्या हिशेबात घडलेच नाही.

खोट्या फिर्यादीची भीती काहींना वाटते. खरेखोटे न्यायालय ठरवील, गावचा पुढारी नव्हे.

आपण कापसाच्या काट्यावर मापात पाप सोसत नाही. मग फिर्यादीच्या मापातले का सोसायचे? गावात असे घडले तर त्या घरासोबत ठाण्यात चला. पाहिले ते सांगा, आणि प्रत हातात पडल्याशिवाय परतू नका.