एका बैठकीवरून हिंमत सोडू नका

आम्ही किनवट तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज बोलायचंय ते दारू सोडलेल्या माणसाबद्दल. सोडवायची कशी, हे पुष्कळजण सांगतात. सुटल्यावर ती सुटलेली राहावी कशी, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गटातल्या एका अक्काच्या मालकांना आम्ही गटातून कर्ज काढून उपचाराला पाठवलं. महिन्याने माणूस परत आला तो ओळखू येईना. अंगावर मांस आलं, लेकरांशी बोलायला लागला. आणि पोळ्याच्या दिवशी पुन्हा पिऊन आला. अक्का ओसरीवर बसून म्हणाली, "बाई, गटाचा पैसा पाण्यात घातला मी." कर्जाचे हप्ते अजून चालूच होते.

तेव्हा दवाखान्यातल्या ताईंनी आम्हाला समजावलं. उपचाराने दारू अंगातून जाते, पण मनातली ओढ राहते. त्यासाठी त्याच वाटेने गेलेल्या माणसांची सोबत लागते. अशा बैठका भरतात त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने खंगलेले, एकमेकांशी बोलत बसले. बोलल्याने त्या दिवसापुरती दारू टळते, हे त्यांना उमगलं. तिथून हे काम सुरू झालं आणि 1957 साली मुंबईत आलं. बैठकीला फी नाही. पूर्ण नाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

आम्ही मालकांना नांदेडला एका बैठकीला नेलं. ते कोपऱ्यात बसले. बाकीची माणसं शहरातली, नोकरीवाली. कुणी साहेबाचं सांगत होतं, कुणी बदलीचं. मालकांना त्यात आपलं काही सापडेना. बैठक संध्याकाळची, किनवटची गाडी चुकली, रात्र स्टँडवर काढली. घरी आल्यावर म्हणाले, "पुन्हा नेऊ नका."

चूक आमची झाली. एकच बैठक बघून आम्ही ठरवलं, की हे आपल्यासाठी नाही. बाजारात आपण वांगी घेतो तरी चार ठिकाणी बघतो. इथे तर माणसाच्या जिवाचा प्रश्न.

दोन महिन्यांनी दुसऱ्या बैठकीचा पत्ता लागला. रविवारी, दिवसाची. तिथे एक शेतकरी उभा राहिला. बैलजोडी विकून आपण ते पैसे कसे प्यालो, हे त्याने सांगितलं. मालक खाली मान घालून ऐकत होते. निघताना त्या शेतकऱ्याने आपला फोन नंबर दिला आणि म्हणाला, "प्यावंसं वाटलं तर आधी मला फोन करा. रात्री बारालाही करा." मालकांनी खरंच केला, एकदा नाही, कितीतरी वेळा.

तर बैठक कशी ओळखायची? एक, भाषा. आपल्या भागात मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू चालतं. माणसाला मन मोकळं करता येईल अशी बोली तिथे हवी. दोन, वेळ. परतीची गाडी मिळाली पाहिजे. जमत नसेल तर फोनवरच्या बैठकांची चौकशी करा. तीन, तिथली माणसं उपदेश करतात की आपलं सांगतात, ते बघा. चार, ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. पाच, कुणी पैसे मागत असेल, किंवा डॉक्टरची गोळी बंद करा म्हणत असेल, तर तिथून उठा. आणि कोणतीही बैठक निदान चार-पाच वेळा बघितल्याशिवाय नको म्हणू नका. काही बैठका खुल्या असतात, तिथे घरच्यांनाही बसता येतं. आधी विचारून घ्या.

आता आपल्याबद्दल. अक्काची झोप उडाली होती. मालक घरी यायला उशीर झाला की ती तोंडाचा वास घ्यायची, खिसे चाचपायची. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाच्या वेगळ्या बैठका आहेत, 1951 पासून. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. आम्ही त्यावरून महिन्यातून एकदा आपल्याच गटात अर्धा तास ठेवला. हप्ते झाले की वही मिटायची आणि ज्यांच्या घरी दारू आहे त्यांनी बोलायचं. सल्ला कुणी द्यायचा नाही. पहिल्या दिवशी तिघी बोलल्या, पुढच्या वेळी नऊजणी.

एक गोष्ट मात्र जपा. रोज खूप पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. हात थरथरतात, फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे न्या, गोकुंद्याचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी 14446 हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या भागातल्या बैठकीचीही तिथे चौकशी करा.

अक्काच्या मालकांना आज सात महिने झाले. पुढचं आम्ही सांगत नाही, तेही सांगत नाहीत. सकाळी उठून म्हणतात, "आज नाही." गटाचे दोन हप्ते राहिलेत, ते आता तेच आणून देतात.

पुढच्या बैठकीला निघताना गटातली एक बाई सोबत घ्या. एकटीने जाऊ नका.