सोनं घडलं कुठं?



गेल्या बैठकीत आमच्या गटात एकीनं गहाण टाकलेलं मंगळसूत्र सोडवून आणलं, ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. तेव्हा प्रश्न निघाला, हे सोनं मुळात तयार होतं कुठं? आम्ही म्हटलं, खाणीत. पण खाणीत ते नुसतं सापडतं. ते घडलं आकाशात, पृथ्वी जन्मायच्याही आधी.

ताऱ्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळून जड होतात. लोखंडाच्या आसपास ही भट्टी थांबते. त्यापुढचे बहुतेक जड अणू न्यूट्रॉन नावाचे कण चिकटत जाऊन बनतात. कुठं सावकाश, कुठं क्षणार्धात. सोनं बहुतेक झटपट रीतीनंच बनतं. १९५७ साली मार्गारेट बर्बिज आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी हे सविस्तर मांडलं. अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर तेव्हा बायकांना काम करू देत नसत. मार्गारेटबाई नवऱ्याच्या मदतनीस म्हणून तिथं गेल्या आणि वेध घेतलेच.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची खूण पृथ्वीवर पोचली. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. तिच्या उजेडात जड मूलद्रव्यं बनल्याच्या खुणा दिसल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनंही पुढं तिचे रेडिओ संकेत टिपले.

मग त्या टकरीत सोनं किती बनलं? इथं गाडी अडते. वाटेत जे अणू बनतात, त्यांतले कितीतरी सेकंदभरही टिकत नाहीत. ते न्यूट्रॉन किती वेगानं पकडतात, हे मोजायचं कसं? म्हणून गणितानं अंदाज बांधतात. दोन रीतींनी काढलेल्या अंदाजांत दहापट, कधी त्याहून जास्त फरक पडतो. जिन्नस माहीत, पण माप हाताच्या अंदाजाचं, अशी ही पाककृती आहे. असे अणू बनवून तपासण्यासाठी अमेरिकेत मिशिगनला २०२२ पासून एक मोठं केंद्र चालू आहे.

आम्हाला यात आवडली ती एक गोष्ट. शास्त्रज्ञ आकड्यासोबतच लिहितात, यात चूक एवढी असू शकते. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आपल्याला कर्जाचा हप्ता, पिकाचा उतारा, रक्तातलं लोह, असे कितीतरी आकडे कुणी ना कुणी सांगत असतं. तेव्हा मैत्रिणींनो, न लाजता विचारा, हा आकडा मोजलेला की अंदाजाचा? आणि गटाच्या वहीत आपण अंदाज लिहिला, तर शेजारी 'अंदाजे' असंही लिहूया.